दुसऱ्याच्या पुस्तकाचा शेवट

तुमच्या हातून सर्वांत जास्त खपलेलं पुस्तक कोणतं, असं मला कोणी विचारलं की मी 'पंचांग' असं सांगून मोकळा होतो. ते खोटंही नाही. पण विचारणाऱ्याला गोष्टीचं पुस्तक हवं असतं हे मला कळतं, आणि त्या पुस्तकाचं नाव घ्यायला माझी जीभ अजूनही कुरकुर करते. आज लिहायला बसलोच आहे तर घेऊन टाकतो. 'सात दारांची विहीर'. लेखक यशवंत मास्तर, सांगली. माझा बालमित्र. दुसऱ्या महायुद्धाच्या, म्हणजे आमच्या भाषेत लढाईच्या दिवसांत त्याचं हे जादूचं पुस्तक मी बाजारोबाजार विकलं आणि प्रत्येक प्रतीमागे मनातल्या मनात जळलो.

मी फिरता पुस्तकवाला. सांगलीच्या दुकानातून माल उचलायचा, पत्र्याच्या ट्रंकेत भरायचा आणि बाजाराचे वार धरून आटपाडी, वडूज, कडेगाव अशी गावं करायची. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढ आला की मोटार दम टाकायची. मग उतारूंनी उतरून ढकलायची. माझी ट्रंक मात्र टपावर मजेत बसून असायची.

बाजारात जागा धरणं ही आमच्या धंद्यातली अर्धी विद्या. मिरचीच्या शेजारी बसलं तर गिऱ्हाईक शिंकत पळतं. गुळाच्या शेजारी बसलं तर पुस्तकांना मुंग्या. उत्तम जागा कासाराच्या शेजारची. बांगड्या भरून घेणाऱ्या बाईचा हात अडकलेला असतो, त्यामुळे ती उठत नाही, आणि कान मोकळे असतात. उरलेली अर्धी विद्या वाचण्यात. पुस्तकं मांडून गप्प बसलात तर संध्याकाळी तीच पुस्तकं परत ट्रंकेत. मोठ्यानं, हातवारे करत, प्रत्येकाचा आवाज काढत वाचायचं आणि ऐन अडचणीच्या जागी पुस्तक मिटायचं. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नसे. पण घरात एखादं शाळेत जाणारं पोर असायचं. ते कंदिलाशी बसून वाचायचं आणि आळी जमून ऐकायची. मी वाचायला लागलो की पलीकडचा भांडेवालासुद्धा ठोकणं थांबवायचा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाई म्हणूनच सांगतो आहे.

पण मला विकायचं होतं ते माझं पुस्तक. हो, मीही लेखक होतो. दुकानाच्या मालकांनी माझ्यावरच्या लोभाखातर 'सद्गुणी बाळाराम' छापलं होतं. बाळाराम पहाटे उठतो, आईचे पाय चेपतो, खोटं बोलत नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो हेच करतो. वडूजच्या बाजारात एका पोरानं ते निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवं, ह्याला कुणी धरून हानत कसं न्हाई?" सगळा बाजार हसला. मला ते पोर उनाड वाटलं.

यशवंता आणि मी एका बाकावरचे. शाळेत त्याचे निबंध मी लिहून द्यायचो आणि माझे भूगोलाचे नकाशे तो काढून द्यायचा. पुढे तो ड्रॉइंग मास्तर झाला, ते रीतसरच झालं. लिहिणं हा माझा प्रांत आहे अशी माझी समजूत होती. एके दिवशी तो दुकानात आला, कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "दत्ता, जरा बघ रे. पोरांना वर्गात सांगत होतो, ते लिहून काढलंय."

ते घरी नेऊन मी एका बैठकीत वाचलं. हरबा आणि मंजी ही भाऊबहीण. गावाबाहेरच्या विहिरीत पाण्याखाली सात दारं. प्रत्येक दाराला आपलं काहीतरी द्यावं लागतं. पहिलं दार सावली मागतं, दुसरं हसू, तिसरं झोप, असं करत सातवं दार माणसाचं नावच मागतं. हरबा एकेक देत आत जातो, जादूगाराच्या नगरीचा राजा होतो, पण आपण कोण हे विसरतो. सातवं दार मिटतं. मंजी काठावर उभी राहून "दादा, दादा" अशा हाका मारते आणि पाणी हलत नाही. संपलं. वाचून झाल्यावर माझ्या मनात पहिली इच्छा आली ती ही की छपाई तरी खराब निघावी.

मालकांनी ते छापायला घेतलं आणि छपाई खराबच निघाली. कागद लढाईतला, पिवळट, एका बाजूचं अक्षर दुसऱ्या बाजूला दिसायचं. कोणाचं काही अडलं नाही. सांगलीतल्या पोरांनी विहिरींचे काठ सोडले नाहीत. सात खडे टाकायचे आणि कान लावायचे. मळेवाले काठ्या घेऊन मागे लागले. आटपाडीला एक पोरगं दिवसभर छपराखालून हलेना. आईनं विचारलं तर म्हणालं, मी सावली दिऊन टाकलीया, उनात गेलो तर समद्यांना कळंल. ही बाई माझ्याशी भांडायला आली आणि जाताना दुसरी प्रत घेऊन गेली, कारण पहिली शेजारणीनं परत केली नव्हती. सांगलीत शहाणे लोक त्या शेवटावर माना डोलवत होते. एका वकीलसाहेबांनी मला दुकानात सांगितलं की, मिटलेलं दार म्हणजे मनुष्याच्या अहंकाराचं प्रतीक आहे. मी होय होय म्हणालो आणि पोटात दुखतंय असं सांगून लवकर घरी गेलो. ते दुखणंही खरंच होतं.

सांगलीजवळच्या एका गावात अप्पा म्हणून जैन व्यापारी होते. गुळाची अडत, घरात नातवंडं भरपूर. कुठलंही पुस्तक घ्यायच्या आधी ते एकच प्रश्न विचारत. "यात कुठं जीव मारलाय काय?" त्यामुळे राजेरजवाड्यांच्या सगळ्या गोष्टी त्यांच्या उंबऱ्याबाहेरच राहायच्या. मी बाळाराम पुढे केला. "अप्पा, यानं मुंगीसुद्धा मारलेली नाही." त्यांनी दोन पानं ऐकली आणि जांभई दिली. मग विहिरीचं पुस्तक उचलून म्हणाले, "ह्यात?" माझ्या मनात आलं, सांगावं की सहाव्या दारापाशी कोंबडं कापलंय. पण पुस्तकवाला पुस्तकाबद्दल खोटं बोलत नाही. "नाही," मी म्हणालो. पुढच्या खेपेला अप्पा मला बाजूला घेऊन विचारायला लागले, "झोप दिली म्हंता दाराला. मग ते राज्य करतंय कसं, झोपेबिगर?" एवढा बारीक विचार माझ्या बाळारामाविषयी माझ्या बायकोनंही केला नव्हता.

आणि मग वडूजला ते पुस्तक परत यायला लागलं.

आमच्या या भागात घरटी एक गडी पलटणीत. कोणी बर्मात, कोणी मिसरला, कोणाचा तर पत्ताच नाही. घरात पोर गोष्ट वाचायला बसलं की बायका श्रावणात कहाणीला बसतात तशाच ऐकायला बसायच्या. पुस्तकातून वाचतात ती कहाणीच, अशी त्यांची धारणा. कहाणी ऐकताना हातात चार दाणे धरायचे, आणि ती सुफळ संपूर्ण झाली की ते देवापुढे ठेवून उठायचं. आता यशवंताची कहाणी सुफळ होतच नव्हती. दार मिटलं, पोरगा आतच राहिला. दाणे हातात तसेच. ज्यांचा मुलगा परमुलखात आहे त्यांनी त्या दाण्यांचं काय करायचं?

एक मिशाळ गडी माझ्या पथारीवर पुस्तक ठेवून म्हणाला, "हे घ्या तुमचं. पैसं दिऊ नका, पर हे घरात नगं. धाकला भाऊ बर्मात हाय." त्याच्यामागून आणखी दोघंतिघं आले. मला आनंद झाला. खरं तेच लिहितो. परतलेल्या प्रती ट्रंकेत ठेवताना मी यशवंताला सांगायचं वाक्यसुद्धा तयार करत होतो. "यशवंता, शहराचं जाऊ दे रे, पण खेड्यानं तुला नाकारलं." त्यात थोडा हळहळीचा सूर कसा मिसळायचा याचा विचार चालू असताना सोनाबाई आली.

सोनाबाई वडूजजवळच्या वाडीची. चाळिशीपुढची, काटक, आवाज खणखणीत. तिचा एकुलता एक ज्ञानू पलटणीत होता आणि कित्येक महिन्यांत त्याचं काही कळलं नव्हतं. हे तिनं सांगितलं नाही. कासाराला माहीत होतं, त्यानं मला खालच्या आवाजात सांगितलं. तिच्याही हातात ते पुस्तक होतं. मी ते घ्यायला हात पुढे केला तर तिनं मागे ओढलं.

"द्याचं न्हाई मला. आवं बुकवाले, शेवट नीट वाचून दावा."

"म्हणजे?"

"आमच्या जावंच्या पोराला वाचाया येत न्हाई नीट. दुसरीतच हाय त्ये. दार मिटलं म्हंतंय आन् उठतंय. कहानी आशी आसती व्हय? फुडं आसंलच की. त्याला गावंना झालंय."

"बाई, पुढं नाही हो काही. एवढंच आहे."

"तुमी बगा तरी," ती म्हणाली आणि पदराच्या टोकाची गाठ मला दाखवली. "दाणं आजून बांधल्यात. किती दिस बांधून ठिवू?"

तिचा आवाज तेव्हाही खणखणीतच होता, पण गाठीवरची मूठ तिनं सोडली नाही. बांगड्या भरणाऱ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मी पुस्तक घेतलं, शेवटचं पान काढलं आणि त्यावर नजर ठेवून वाचायला लागलो. पानावर नव्हतं ते वाचायला लागलो.

मला माहीत नव्हतं पुढे काय येणार. मंजी विहिरीच्या काठावर उभी, एवढंच हातात होतं. मी तिला घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी पाण्याला आणली. ती रोज येते, घागर बुडवते आणि विहिरीला घरच्या गोष्टी सांगते. म्हैस व्याली. लिंबाची फांदी मोडली. आईनं तुझी वाकळ उन्हात घातली. जादूचं तिला काही येत नाही, सांगणं तेवढं येतं. खाली हरबा राजा सिंहासनावर बसून ऐकतो आणि त्याला वाटतं, ही बाई कोणाशी बोलते? "दादा" म्हणून हाका मारते तर कोणाचा तरी दादा असेल. त्यानं नाव दिलेलं. आता?

इथं मी अडकलो. पानावर बोट धरून अडकलो. सोनाबाई टक लावून बघत होती. आणि मग ते मला सुचलं. लोकांना आयुष्यभर सुचत असेल; मला एकदा सुचलं. मंजी एके दिवशी कंटाळली. एवढं बोलते, हा उत्तर देत नाही! घागर आपटून ती ओरडली, अगदी आई रागावली की ओरडायची तशी, "हरब्या! मुडद्या, भाकरी गार होतीया, येतूस का न्हाई वर?" हरबा ताडकन उठला. सातव्या दारानं त्याचं नाव घेतलं होतं, पाळण्यात ठेवलेलं. पण रागातलं नाव दारानं मागितलंच नव्हतं आणि यानं दिलंच नव्हतं. ते त्याच्याकडे शिल्लक होतं. आईनं हाक मारल्यावर उठायचं नाही अशी त्याची छाती नव्हती. सातही दारं धडाधड उघडली आणि पोरगा ओल्या धोतरानं काठावर येऊन म्हणाला, "आलो की! वरडतीस कशाला?"

कोणीतरी हसलं. सोनाबाई हसली नाही. "ज्ञान्या म्हंती मी त्याला," ती म्हणाली. "लय चिडतो." मग तिनं पदराची गाठ सोडली, ज्वारीचे चार दाणे उघड्या पानावर ठेवले, हात जोडले आणि दाण्यांसकट पुस्तक मिटून काखोटीला मारलं. जाताना शेजारणीला म्हणाली, "बग, हुतं का न्हाई? वाचनारा पायजे."

मिशाळ गडी तासाभरानं येऊन आपली प्रत परत घेऊन गेला.

त्यानंतर माझं हसंच झालं म्हणा. ज्या पुस्तकाच्या मयतीला मी तयारी करून बसलो होतो, त्याला मीच जिवंत केलं. पुढच्या बाजारापासून लोक "नीट वाचून दावा" म्हणून यायला लागले. अक्षर येणारी पोरं म्हणायची, आमच्या पुस्तकात हे पान न्हाई. मी म्हणायचो, कागदाची टंचाई आहे बाळांनो. शेवटाला सगळा बाजार माझ्याबरोबर "हरब्याऽऽ" म्हणून ओरडायचा. ट्रंक रिकामी व्हायची. रिकामी ट्रंक घेऊन परतताना मला दोन्ही वाटायचं. छाती फुगायची आणि नाकाला मिरच्या झोंबायच्या. ओरडत होते ते माझ्या शब्दांवर, आणि विकत नेत होते यशवंताचं नाव.

माणदेशात एवढ्या प्रती कशा जातात, याचं सांगलीत सगळ्यांना नवल वाटलं. यशवंता एकदा माझ्याबरोबर आटपाडीला आला. मी नको म्हणायला पाहिजे होतं, पण मनात कुठेतरी वाटत होतं, ऐकू दे एकदा. तो बाजारात मागे घोंगडीवर बसला. मी त्या दिवशी असं वाचलं की पुन्हा तसं जमलं नाही. हरब्याची हाक आली, बाजार दणाणला, आणि मी लोकांच्या डोक्यांवरून यशवंताच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत नव्हता. हे हसत नसणं मी ओळखतो. आरशात पुष्कळ वेळा पाहिलेलं आहे.

परतीच्या मोटारीत तो खिडकीशी बसला. मग म्हणाला, "दत्ता, मला हे सुचलं नाही रे."

"तू मुद्दाम दार मिटलंस ना? अहंकार वगैरे?"

"कसला अहंकार! सात दारं करून बसलो आणि पोराला बाहेर काढता येईना. पंधरवडाभर डोकं खाजवलं. मग दिलं मिटून." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "निबंधसुद्धा तूच लिहायचास माझे."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि मोटारीतून ढकलून द्यावंसंही वाटलं. पुढे तोच म्हणाला, "नवी आवृत्ती निघते आहे. तुझा शेवट घालू. पहिल्या पानावर छापू, शेवटचं प्रकरण दत्तोबांचं."

माझी एवढी एकच इच्छा होती, माझं लिहिलेलं काहीतरी लोकांनी माझ्या नावानं घ्यावं. ती तो ताटात वाढून देत होता. आणि मला दिसत काय होतं? वर मोठ्या अक्षरात त्याचं नाव, खाली बारीक अक्षरात माझं. अख्खी विहीर त्याची आणि शेवटची पायरी तेवढी माझी. "नको," मी म्हणालो. "तुझ्या पुस्तकाला माझं शेपूट कशाला?"

"विचार कर."

"केला."

"मग मीही घालत नाही. तुझं आहे, मी कसं घेऊ?" असं म्हणाला आणि शब्दाला जागला. आजवरच्या सगळ्या आवृत्त्यांत सातवं दार मिटलेलंच आहे. माणसानं एवढं सरळ तरी असू नये. त्यानं चोरलं असतं तर मला उभा जन्म शिव्या तरी देता आल्या असत्या.

लढाई संपली, पलटणी परतल्या. वडूजचा बाजार पुन्हा गड्यांनी भरला. एका बाजारी सोनाबाई आली ती मला ओढतच वाडीवर घेऊन गेली. "ज्ञानू आलाय. जेवल्याबिगर जायाचं न्हाई." अंगणात एक उंच, रापलेला तरुण बाजेवर बसला होता. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. भोवती आळीतली पोरं, आणि मांडीवर ते पुस्तक, शेवटच्या पानावर उघडलेलं. तो वाचत होता. म्हैस व्याली, लिंबाची फांदी मोडली. जिथे मी थांबायचो तिथेच थांबत होता. हाक आली तेव्हा सोनाबाई चुलीपासून ओरडली, "ज्ञान्या!" आणि पोरं खिदळत पळाली.

जेवताना मी त्याला विचारलं, "तुला अक्षर येतं?"

"पलटनीत शिकलो की."

"मग पानावर हे नाही, ते दिसलं असेल."

त्यानं चुलीकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "न्हाई, ते ठावं हाय मला. पर आईला नगा सांगू. आन् पानावर न्हाई म्हून काय झालं? लिवनाऱ्याच्या मनात हुतंच की. त्यानं दार मिटलं आन् समजून घ्या म्हनला. न लिवता लिवलंय बगा त्यानं. लय मोठा मानूस."

माझा घास हातात राहिला. आता मात्र मला गप्प बसवेना. "ज्ञानू," मी म्हणालो, "ते त्याचं नाही. तो शेवट माझा आहे. मी इथल्या बाजारात, तुझ्या आईपुढं, पहिल्यांदा सांगितला."

"व्हय व्हय, आईनं सांगितलंय समदं," तो मोकळेपणानं हसला आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "तुमी वाचून दावलंत म्हून तर आमाला गावलं. वाचता मातूर लय झ्याक तुमी."